धुरक्याचा कायदा आणि एक धाकटा कारखाना



सन १९४३ च्या जुलै महिन्याच्या २६ तारखेस अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील लॉस एंजेलिस शहरांत भर दिवसा असें कांहीं दाट धुरकें पसरलें कीं, तीन चौकांपलीकडचें कांहीं दिसेना. लोकांच्या डोळ्यांची आग होऊं लागली, घसे खवखवूं लागले. ते महायुद्धाचे दिवस होते. तेव्हां शत्रूनें विषारी वायु सोडला कीं काय, अशी धास्तीहि कित्येकांनीं घेतली. पुढें संशय वळला तो कृत्रिम रबराचा कच्चा माल तयार करणाऱ्या एका कारखान्यावर. कारखाना कांहीं काळ बंद ठेवण्यांत आला, पण धुरकें कांहीं हटेना.

खरा अपराधी हुडकून काढण्याचें श्रेय आरी हागेन-स्मिट या जन्मानें डच असलेल्या शास्त्रज्ञाकडे जातें. हा गृहस्थ लॉस एंजेलिसजवळच पॅसाडेना येथें, कॅलटेक या नांवाच्या प्रख्यात विद्यालयांत, अननसाच्या स्वादाचें पृथक्करण करीत होता. अननसाचा वास सोडून तो शहराच्या हवेच्या वासाकडे वळला; आणि १९५० नंतरच्या दोन-चार वर्षांत त्यानें दाखवून दिलें कीं, मोटारींतून व तेलाच्या कारखान्यांतून निसटणारी पेट्रोलची अर्धवट जळलेली वाफ आणि नायट्रोजनचीं ऑक्साइडें यांच्यावर कडक ऊन पडलें म्हणजे त्यांपासून ओझोन व दुसरे झोंबरे पदार्थ तयार होतात. शहराच्या पाठीशीं डोंगर, डोक्यावर ऊबदार हवेच्या थराचें झांकण, खालीं लाखों मोटारी आणि वर्षभर निरभ्र ऊन! ज्या उन्हाच्या ओढीनें लोक त्या शहरीं राहावयास येत, तेंच ऊन त्यांच्या मोटारींच्या धुराचें विष शिजवीत होतें.

हा शोध आणि त्यांतून निघालेले कायदे यांची कथा पुष्कळांनीं सांगितली आहे. मला आज सांगावयाची आहे ती त्या कथेच्या एका कोपऱ्यांत उभ्या असलेल्या एका धाकट्या कारखान्याची. त्याचें नांव अमेरिकन मोटर्स. जनरल मोटर्स, फोर्ड व क्रायस्लर हे अमेरिकेंतील तीन बडे कारखानदार. अमेरिकन मोटर्स हा चवथा, आणि तिसऱ्यापासून पुष्कळच मागें असलेला. कायदा चौघांनाहि एकच होता. तो पाळतांना या चवथ्याचें काय झालें, हें पाहण्यासारखें आहे.

अमेरिकन मोटर्सचा जन्म १९५४ सालच्या मे महिन्यांत झाला. नॅश-केल्व्हिनेटर व हडसन या दोन जुन्या कंपन्यांनीं एकत्र येऊन हा संसार मांडला. ज्यानें हें लग्न जुळविलें तो जॉर्ज मेसन त्याच वर्षीं ऑक्टोबरांत वारला आणि धुरा जॉर्ज रॉम्नी यांच्याकडे आली. मोटारी विस्कॉन्सिन प्रांतांतील केनोशा या गांवीं तयार होत. रॉम्नी यांचा हिशेब सरळ होता. बड्यांशीं बड्या गाड्यांत झुंजण्यांत अर्थ नाहीं. आपण लहान, काटकसरी गाडी करावी. 'रॅम्बलर' ही त्यांची गाडी खपलीहि उत्तम. पुढें १९६२ सालीं रॉम्नी राजकारणांत गेले व मिशिगनचे गव्हर्नर झाले. त्यांच्या मागून आलेल्यांनीं हर प्रकारांत बड्यांची बरोबरी करण्याचा हव्यास धरला, आणि १९६७ च्या सुमारास कंपनी पार डबघाईस आली. तेव्हां रॉय चॅपिन (धाकटे) यांनीं सूत्रें हातीं घेतलीं. यांचे वडील हडसन कंपनीच्या संस्थापकांपैकीं एक होते. चॅपिन यांचा सर्वांत दूरदर्शी सौदा म्हणजे १९७० सालीं कायझर कंपनीकडून घेतलेला जीपचा धंदा. जीप ही आपणांस परकी नव्हे. १९४७ पासून मुंबईस महिंद्रांनीं जी जीप जुळवावयास आरंभ केला, ती मूळची याच घराण्यांतली. विलीजकडून कायझरकडे व कायझरकडून अमेरिकन मोटर्सकडे असा तिचा वारसा फिरला.

अशा रीतीनें कंपनी नुकती कोठें सावरत होती, तोंच १९७० सालच्या ३१ डिसेंबर रोजीं अध्यक्ष निक्सन यांनीं स्वच्छ हवेच्या सुधारलेल्या कायद्यावर सही केली. धुराचे नियम त्यापूर्वीं नव्हते असें नाहीं. कॅलिफोर्नियानें १९६६ च्या नमुन्यांपासून मोटारीच्या शेपटींतून येणाऱ्या धुरावर मर्यादा घातली होती, आणि १९६८ पासून साऱ्या देशास तसा नियम लागला होता. पण नवा कायदा निराळ्याच ताकदीचा होता. पेट्रोलची न जळलेली वाफ व कार्बन मोनॉक्साइड हीं दोन विषें १९७५ पर्यंत आणि नायट्रोजनचीं ऑक्साइडें १९७६ पर्यंत नव्वद टक्क्यांनीं कमी झालीं पाहिजेत, असें त्यांत स्पष्ट लिहिलें होतें. तें कसें करावयाचें हें मात्र कोणासच नीट ठाऊक नव्हतें. कायदा करणाऱ्यांचें म्हणणें असें कीं, मुदत घातल्यावांचून कारखानदार हलत नाहींत. आणि मागील वीस वर्षांचा अनुभव पाहतां तें म्हणणें चुकीचें होतें असें मला वाटत नाहीं.

आतां अडचण काय होती ती थोडी समजून घेऊं. एंजिनांत पेट्रोल पुरें जळावें म्हणून हवा वाढवावी व उष्णता वाढूं द्यावी, तर वाफ व मोनॉक्साइड कमी होतात. पण त्याच उष्णतेनें हवेंतील नायट्रोजन पेटतो आणि ऑक्साइडें वाढतात. एकाचें तोंड दाबावें तों दुसरें ओरडतें. मग उपायांवर उपाय आले. बाहेर पडणाऱ्या गरम धुरांत पंपानें ताजी हवा फुंकून उरलेली वाफ तेथेंच जाळावयाची. अमेरिकन मोटर्सच्या गाड्यांवर या योजनेस 'एअर-गार्ड' असें नांव होतें. ठिणगी थोडी उशिरा पाडावयाची. सिलिंडरांतील दाब कमी करावयाचा. १९७३ पासून धुराचा कांहीं अंश पुन्हां एंजिनांत सोडून ज्वाळा थंड करावयाची. प्रत्येक उपाय आपल्या परीनें बरोबर. पण सर्व एकत्र बसविल्यावर एंजिन थंडींत कुरकुरे, चढावर धापा टाकी आणि पेट्रोल अधिक पिई. झांकण उघडावें तों रबरी नळ्यांचें जाळें! त्या काळच्या अमेरिकन मोटारींच्या नांवानें लोक अजून बोटें मोडतात तें यामुळेंच.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. अमेरिकन मोटर्सचें २५८ घन इंचांचें सहा सिलिंडरांचें एंजिन १९७१ च्या जाहिरातींत १५० अश्वशक्तीचें होतें व १९७२ च्या जाहिरातींत ११० चें. हा आंकडा दाखवून धुराच्या कायद्यानें चाळीस घोडे खाल्ले असें म्हणतात. वस्तुतः त्या वर्षीं मोजण्याची रीतच बदलली. पूर्वीं एंजिन उघडें ठेवून मोजीत. आतां पंखा, धुराची नळी वगैरे सर्व संसार अंगावर घेऊन मोजूं लागले. घोडे गेले खरे, पण बरेचसे कागदावरूनच गेले.

मुख्य मुद्दा खर्चाचा आहे. नियम असा कीं, प्रत्येक जातीचें एंजिन सरकारकडून मंजूर करून घ्यावयाचें, आणि त्यासाठीं नमुन्याची गाडी ५० हजार मैल पळवून तिचा धूर शेवटपर्यंत मर्यादेंत राहतो हें सिद्ध करावयाचें. ही चांचणी तीन लाख गाड्या विकणारानें करावी तरी तेवढीच, आणि चाळीस लाख विकणारानें करावी तरी तेवढीच. प्रयोगशाळा, मोजमापाचीं यंत्रें, रसायनशास्त्रज्ञ यांचेंहि तसेंच. जनरल मोटर्सला हा बोजा प्रत्येक गाडीवर वांटतां कांहीं थोडे डॉलर पडत. धाकट्यावर तोच अनेक पटींनीं पडे. आमच्या शाळांतून एके काळीं प्रत्येक वर्गामागें ठराविक वर्गणी घेत. साठ मुलांच्या वर्गास ती कळतहि नसे, आणि सात मुलांच्या वर्गास जन्मभर आठवे. तसाच हा प्रकार.

मग धाकट्यानें काय केलें? जे गरिबाच्या घरीं करतात तेंच: जुन्यांतून नवें काढलें. 'हॉर्नेट' नांवाची त्यांची एक नीटस गाडी होती. तिच्या दोन आंसांमधील अंतर १०८ इंच होतें. तें ९६ इंचांवर आणून, मागचा भाग सपशेल कापून, 'ग्रेम्लिन' ही गाडी तयार झाली. तिचें पहिलें रेखाचित्र रिचर्ड टीग या कलावंतानें विमानांतील उलटीच्या कागदी पिशवीवर काढलें, अशी कथा आहे. आणि गाडी बाजारांत आली ती १९७० सालच्या एप्रिलच्या पहिल्या तारखेस! थट्टेला आयतेंच निमित्त. पण १८७९ डॉलरांपासून मिळणारी ही शेपटी तुटलेली गाडी आठ-नऊ वर्षांत सुमारें ६ लाख ७० हजार खपली. १९७३ च्या ऑक्टोबरांत अरब राष्ट्रांनीं तेल रोखलें, अमेरिकेंत पेट्रोलच्या पंपांवर रांगा लागल्या, आणि लहान गाड्यांची टर उडविणारेच त्या विकत घेण्यास धांवले.

इतर भाग शेजाऱ्यांकडून आणावयाचे. आपोआप गियर बदलणारी पेटी क्रायस्लरची, सुकाणूचा दांडा जनरल मोटर्सचा, कार्ब्युरेटर फोर्डचा. १९७५ सालीं धुरास शुद्ध करणारा 'कॅटॅलिटिक कन्व्हर्टर' आला. प्लॅटिनमचा पातळ लेप दिलेल्या गोळ्यांनीं भरलेला हा डबा धुराच्या वाटेंत बसवितात. त्यांतून जातांना उरलेली वाफ व मोनॉक्साइड जळून जातात, व एंजिनाचा गळा आंवळण्याचें पुष्कळसें कारण उरत नाहीं. शिसें मिसळलेलें पेट्रोल मात्र त्यास वर्ज्य, म्हणून १९७४ च्या जुलैपासून अमेरिकेंत बिनशिशाचें पेट्रोल विक्रीस ठेवणें भाग पडलें. आपल्याकडे हा डबा मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास या चार शहरांतील नव्या पेट्रोल-मोटारींस १९९५ च्या एप्रिलपासून सक्तीचा झाला, म्हणजे वीस वर्षांनीं. अमेरिकन मोटर्सनें हाहि डबा स्वतः घडविला नाहीं. जनरल मोटर्सकडून विकत घेतला. ज्याच्याशीं स्पर्धा करावयाची, त्याच्याच दुकानांतून औषध आणावयाचें, अशी ही स्थिति होती.

या परावलंबनाचा कडेलोट 'पेसर' या गाडीच्या बाबतींत झाला. तिच्याविषयीं मी जरा विस्तारानें बोलतों. सर्व अमेरिकन लहान गाड्या अरुंद असत; टीग व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ठरविलें कीं, लांबीनें आंखूड पण रुंदीनें मोठ्या गाडीइतकी ऐसपैस अशी गाडी करावी. रुंदी ७७ इंच, चोहोंकडे कांचाच कांचा. उजव्या बाजूचें दार डाव्या दारापेक्षां चार इंच लांब, कारण मागें बसणारी मंडळी, विशेषतः मुलें, पदपथाच्याच बाजूनें चढावीं-उतरावींत. ही सर्व कल्पना ज्यावर उभी होती तें एंजिन होतें फेलिक्स वांकेल या जर्मन संशोधकाचें, फिरत्या त्रिकोणाचें. तें अगदीं आटोपशीर. त्यांत नायट्रोजनचीं ऑक्साइडें कमी निघत, आणि वाफ जास्त निघाली तरी ती धुराच्या वाटेवर जाळतां येईल असा हिशेब होता. असें एंजिन जनरल मोटर्स स्वतःसाठीं तयार करीत होती. तेंच विकत घेण्याचें अमेरिकन मोटर्सनें ठरविलें, आणि त्या मापानें गाडीचें नाक आंखूड ठेवून सांचे पाडले.

पण वांकेलचें एंजिन पेट्रोल फार खाई. तेलाची टंचाई आल्यावर तो दोष कोणास पोटांत घालतां येईना. धुराचे आंकडेहि मनासारखे उतरेनात. १९७४ च्या सप्टेंबरांत जनरल मोटर्सनें तें काम लांबणीवर टाकलें, तें कायमचेंच. जनरल मोटर्सला तो एक सोडून दिलेला प्रयोग होता. अमेरिकन मोटर्सची सारी गाडीच त्याच्या भोंवतीं बेतलेली होती. सांचे तयार, तारीख ठरलेली. मागें फिरणें शक्य नव्हतें. घरांत एकच योग्य एंजिन होतें, तें लोखंडी, लांब, सहा सिलिंडरांचें. तें त्या आंखूड नाकांत मावेना. शेवटीं एंजिनाचा मागचा भाग समोरच्या कांचेखालीं सरकवून कसेंबसें बसविलें. १९७५ च्या फेब्रुवारीच्या अखेरीस गाडी बाजारांत आली. 'लहान' म्हणून आणलेली ही गाडी वजनानें सुमारें ३ हजार पौंड भरली आणि पेट्रोल मोठ्या गाडीसारखें पिऊं लागली. आरंभीं नवलाईनें पुष्कळ खपली. मग खप जो घसरला तो सावरलाच नाहीं. पांच-सहा वर्षांत मिळून सुमारें २ लाख ८० हजार गाड्या झाल्या. आज ती हंसण्याचा विषय झाली आहे. मला तिच्यांत हंसण्यासारखें फार थोडें दिसतें. ज्या डोक्यांनीं ती योजिली तीं चांगलीं होतीं. जें हृदय तिला द्यावयाचें तें मात्र दुसऱ्याच्या मुठींत होतें.

तरीहि सर्व दोष लहानपणावर ढकलणें न्यायाचें होणार नाहीं. त्याच सुमारास जपानांतील होंडा कंपनीनें, मोटारींच्या धंद्यांत ती तेव्हां अगदींच नवी असतां, सिलिंडराच्या माथ्यावर एक चिमुकली ज्वलनकोठी करून पेट्रोल इतकें स्वच्छ जाळून दाखविलें कीं, कन्व्हर्टरवांचूनच १९७५ ची कसोटी ती गाडी उतरली. होंडाच्या पाठीशीं मोटारसायकलींचा पैसा होता हें खरें; पण पैसा कोठें घालावा याचा विवेकहि होता. अमेरिकन मोटर्सनें त्याच वर्षांत 'मॅटाडोर' या बड्या गाडीच्या नव्या दुदारी अंगासाठीं मोठी रक्कम ओतली, आणि ती गाडी पुरती चाललीच नाहीं. तो पैसा चार सिलिंडरांच्या स्वच्छ एंजिनावर खर्च झाला असता तर १९७७ सालीं औडी-फोक्सवॅगनकडून तसलें एंजिन आणावें लागतें ना.

आतां कायद्याकडे पुन्हां येतों. मुदती पाळणें बड्यांनाहि जड जात होतें. १९७३ सालीं वॉशिंग्टनच्या अपील कोर्टानें मुदतवाढ नाकारणारा सरकारी निर्णय परत पाठविला, आणि मग पर्यावरण-खात्याचे मुख्य रकल्सहाउस यांनीं एक वर्षाची सवलत दिली. पुढेंहि सवलती मिळत गेल्या. पण १९७७ च्या दुरुस्तींत एक कलम असें आलें कीं, तें वाचतांना मी थबकलों. नायट्रोजनच्या ऑक्साइडांची मर्यादा १९८१ पासून दर मैलीं एक ग्रॅमवर यावयाची होती. परंतु १९७६ सालीं जगभरांत ज्याच्या ३ लाखांहून कमी गाड्या तयार झाल्या, ज्याची धूर-शुद्धीची विद्या मुख्यतः इतर कारखानदारांनीं शोधलेली व त्यांच्याकडून विकत घेतलेली आहे, आणि ती स्वतः शोधण्यास ज्याच्याजवळ पैसा व कुवत नाहीं, अशा कारखानदारास आणखी दोन वर्षें दोन ग्रॅमांची मुभा द्यावी. नांव कोणाचें घातलेलें नव्हतें. पण हें वर्णन कोणाचें हें साऱ्या डेट्रॉइटला कळत होतें. कॅलिफोर्नियाचा नियम त्याहून कडक. तोहि आपणांस इतक्या लवकर लागूं नये म्हणून कंपनी कोर्टांत गेली, आणि १९७९ सालीं तेथेंहि तिच्या बाजूनें निकाल झाला.

सवलत मिळाली, पण ती मिळविण्यासाठीं 'आम्हांला हें जमत नाहीं' असें एका अभिमानी कारखान्यास सरकारदरबारीं सिद्ध करावें लागलें. लॉस एंजेलिसमधील दम्याच्या रोग्यास तो दुसरा ग्रॅम कोणाच्या गाडीचा होता याचें सोयरसुतक असण्याचें कारण नाहीं, हेंहि तितकेंच खरें. आणि ही सवलत नव्या गाड्यांपुरती होती. विकून झालेल्यांस तिचा उपयोग नव्हता. १९७८ च्या मे महिन्यांत १९७६ च्या सुमारें २ लाख ७० हजार मोटारी आणि वर ४० हजार जीप-गाड्या धूर-यंत्रणेंतील दोषासाठीं परत बोलावण्याचा हुकूम आला. दुरुस्तीचा अंदाज ३० लाख डॉलरांपर्यंतचा. बड्या घरीं ही रक्कम किरकोळ खर्चांत गेली असती. येथें मागील तीन महिन्यांचा सगळा नफा त्यांत बुडाला.

पुढचें लवकर सांगून टाकतों. १९७९ सालीं फ्रान्सच्या रेनॉ कंपनीशीं करार झाला व लौकरच ती सर्वांत मोठी भागीदार बनली. त्याच वर्षीं रॉय लन या एंजिनिअरानें जुन्या हॉर्नेटच्याच वंशांतील गाडीस जीपची विद्या जोडून, चारी चाकांना जोर देणारी 'ईगल' ही प्रवासी मोटार काढली. पुढें बड्यांनीं जो रस्ता धरला तो येथें आधींच आंखलेला होता. १९८६ च्या नोव्हेंबरांत रेनॉचे अध्यक्ष जॉर्ज बेस यांचा पॅरिसमध्यें खून झाला. त्यांच्यामागें कंपनीस अमेरिकेंतून अंग काढून घ्यावेंसें वाटलें, आणि १९८७ सालीं सारा व्यवहार क्रायस्लरनें विकत घेतला. क्रायस्लरला हवी होती ती जीप. केनोशा गांवीं १९०२ पासून मोटारी होत आल्या होत्या. १९८८ च्या डिसेंबरांत तेथील शेवटची मोटार बाहेर पडली, आणि पांच हजारांहून अधिक माणसांचें काम गेलें.

एंजिनांचा कारखाना मात्र तेथें चालू राहिला. पेसरच्या नाकांत कोंबलेलें तें सहा सिलिंडरांचें एंजिन मूळचें १९६४ चें. रेनॉचा पैसा आल्यावर १९८७ च्या नमुन्यांपासून त्यास नवें डोकें, पेट्रोल मोजून शिंपडणारी विजेची पिचकारी आणि धुराचा अंदाज घेऊन तिला हुकूम देणारा लहानसा गणकयंत्राचा डबा मिळाला. ४ लिटरचें झालेलें हें एंजिन १९७५ पेक्षां कितीतरी कडक कसोट्या उतरत, जीपमध्यें बसून, २००६ सालापर्यंत केनोशाहून बाहेर पडत होतें.